वहीतला पहिला रकाना रात्रीचा

हृदयाचा पेशंट असलेल्या घरात हल्ली बीपीचं मशीन असतं. करोनाच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असतो. मुलगा पुण्यात किंवा परदेशात असला तर त्यानं पाठवलेलं स्मार्ट घड्याळही मनगटावर असतं. नसतो तो साधा वजनकाटा, आणि रात्र कशी गेली हे कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या घरी हे सगळं अगदी असंच होतं. पुढं जे घडलं, त्यातून आमची वही तयार झाली. ती कशी भरायची आणि कुणी वाचायची, एवढंच मला सांगायचं आहे.

ह्यांना ॲटॅक आला तेव्हा अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा बराच भाग निकामी झाला. इकोच्या रिपोर्टात ईएफ ३० टक्के आली. भेटायला येणारा प्रत्येक जण "पंपिंग तीसच टक्के?" म्हणून हळहळायचा. हृदयाच्या डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. म्हणजे आमचे तीस हे शंभरातले नव्हते, साठातले होते. आम्हाला धीर आला. घरी सोडताना हाती आलेल्या कागदावर गोळ्यांची यादी होती, पुढच्या तपासणीची तारीख होती आणि ‘मीठ कमी’ एवढी ओळ होती. रोज वजन करा, झोपेकडे लक्ष ठेवा, अमुक झालं तर फोन करा, असं त्यावर कुठंही नव्हतं.

पुढचे काही महिने चांगले गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी ह्यांना कोरडा खोकला सुरू झाला, रात्री पाठ टेकली की वाढणारा. सांगलीत पाऊस लागला की निम्मं गाव खोकत असतं. जवळच्या दवाखान्यातून खोकल्याचं औषध मिळालं, ॲलर्जीची गोळी मिळाली. बीपी रोज १२० ते १३० च्या घरात, ऑक्सिजन ९६. आकड्यांत खोट नव्हती.

त्याच दिवसांत हे दोन उशा घेऊन झोपायला लागले. मग तीन घेऊ लागले, मग भिंतीला लोड लावून. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायचं होई. बुटाची नाडी बांधायला वाकलं की दम लागतो म्हणून चपला घालायला सुरुवात झाली. दोन घासांत पोट भरायचं, तरी पँट कमरेत आवळायची. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली पेनकिलर चालूच होती. यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळं आणि पटणारं कारण होतं. उशीला मानेचं दुखणं, लघवीला प्रोस्टेट, खोकल्याला पाऊस, पोटाला ॲसिडिटी, दम लागण्याला वय.

एका रात्री, झोप लागून दोनेक तास झाले असतील, हे ताडकन उठून बसले. "खिडकी उघड," एवढंच म्हणता आलं. अंगाला गार घाम, छातीत घरघर. १०८ ला फोन केला. फुप्फुसात पाणी भरलं होतं. आयसीयूत शिरेतून लघवीचं औषध दिलं, मास्क लावून ऑक्सिजन दिला, आणि हे त्यातून बाहेर आले. दाखल होताना आणि घरी सोडताना केलेल्या वजनात सहा किलोंचा फरक होता. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तेवढं पाणी काही एका रात्रीत साठलं नव्हतं.

एकच कारण, पाच लक्षणं

नंतर डॉक्टरांनी जे समजावलं ते आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं. हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. दिवसा आपण उभे-बसलेले असतो, तेव्हा हे पाणी पायांत उतरतं. रात्री आडवं झालं की ते परत रक्तात येतं आणि छातीकडे जातं. जास्तीचा भार दुबळ्या हृदयाला पेलत नाही, फुप्फुसांत दाब वाढतो. म्हणून सपाट झोपलं की धाप लागते, खोकला येतो. आडवं पडल्यावर मूत्रपिंडांनाही रक्त जास्त मिळतं, म्हणून लघवीला उठावं लागतं. आतड्यांत आणि यकृतात पाणी साठतं, म्हणून भूक मरते. वाकल्यावर लागणारा दमसुद्धा छातीतला दाब वाढल्यानंच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या लक्षणाला स्वतंत्र नाव देऊन त्याचा अभ्यास मांडला. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागला तर ते हे लक्षण धरतात.

२००७ मध्ये अमेरिकेतच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाणी साठून दवाखान्यात दाखल व्हावं लागलेल्या पेशंटांचं वजन आधीच्या किमान आठवडाभरापासून वाढत होतं, असं त्यात दिसलं. शरीर आठवडाभर आधी सांगत असतं. ते बीपीच्या मशीनमधून सांगत नाही, एवढंच.

रात्र

म्हणून आमच्या वहीत पहिला रकाना रात्रीचा आहे. किती उशा घेतल्या? सपाट पडता आलं का? धाप लागून जाग आली का, आणि उठून बसल्यावर बरं वाटलं का? लघवीला किती वेळा उठलात? खोकला होता का? सकाळी चहाच्या वेळी हे लिहायला एक मिनिट लागतं. काल एक उशी होती आणि आज दोन लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

रात्रीची एक बाजू पेशंटला कळतच नाही, ती शेजारी झोपणाऱ्यानं सांगायची असते. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मग दचकून श्वास घेणं हे झोपेतल्या श्वासरोधाचं लक्षण आहे. हृदय दुबळं असलेल्यांत आणखी एक प्रकार दिसतो. श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होत होत काही सेकंद थांबतो, आणि पुन्हा तेच चक्र. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून दोघांच्या नावानं तो ओळखला जातो. असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. ते झोपेची तपासणी सांगतील.

पण झोपेत लावायचं श्वासाचं मशीन ऐकीव माहितीवर विकत घेऊ नका. कुणाच्या तरी मेव्हण्याला त्यानं गुण आला असेल, त्याचा आजार वेगळा असू शकतो. २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ईएफ ४५ टक्के किंवा त्याहून कमी आणि श्वास मेंदूच्या सूचनेअभावी थांबणारा, अशा पेशंटांना एका विशिष्ट प्रकारचं श्वासयंत्र रात्री लावलं, तर हृदयामुळे होणारे मृत्यू कमी न होता वाढलेले आढळले. कुठलं मशीन कुणाला, हे तपासणीशिवाय ठरत नाही. झोपेच्या गोळीचंही तेच.

वजन

सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, साधारण सारखेच कपडे, तोच काटा, तीच सपाट फरशी. दवाखान्यात पाणी उतरवून घरी सोडलं त्या दिवशीचं वजन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तो तुमचा पाया. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर फोन करायचा, असं सर्वसाधारणपणे सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. जेवण कमी होऊनही वजन वाढत असेल तर ती तब्येत सुधारल्याची खूण नव्हे. संध्याकाळी नडगीच्या हाडावर बोट दाबून पाहा, खड्डा राहिला तर लिहा.

वजन झपाट्यानं उतरलं तरी कळवा. जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळा असेल आणि लघवीची गोळी तशीच चालू असेल, तर पाणी कमी पडून चक्कर येते, मूत्रपिंडांवर ताण येतो.

बीपी, नाडी, ऑक्सिजन

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. हृदयाच्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी कमीच राहतं. वरचा आकडा १०० दिसला, चक्कर नाही, अंधारी नाही, तर घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि दिवसातून दहा वेळा मोजू नका. त्यानं धास्तीच वाढते.

नाडी बोटांनी पाहायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. किती यापेक्षा लय कशी, हे महत्त्वाचं. ठोके कधी लवकर, कधी उशिरा, कसाही ताल नाही असं असेल तर ईसीजी काढावा लागतो, कारण अशा अनियमित ठोक्यांतून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अशा वेळी बीपीचं मशीनही चुकीचे आकडे देऊ शकतं.

ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. बोटं गार असतील, नखांना गडद पॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. मुख्य म्हणजे बसल्या जागी ९६ दिसत असतानाही पाणी साठत असू शकतं. आमच्याकडे तेच झालं. स्मार्ट घड्याळ अनियमित ठोके टिपू शकतं, त्याचा उपयोग आहे. पण ॲटॅक आला आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही, आणि त्यातली ‘गाढ झोप’ ही हालचाल आणि नाडीवरून बांधलेला अंदाज असते. घड्याळ ‘झोप उत्तम’ म्हणत असेल आणि माणूस लोडाला टेकून झोपला असेल, तर खरा लोड.

ताटात आणि मेडिकलमध्ये

दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजीत मीठ कमी केलं आणि चार वाजता भडंग, जेवताना पापड-लोणचं, ताकात चिमूट असं चाललं, तर काही साधत नाही. सैंधव चालतं हा समज खोटा. तेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं, म्हणून विचारल्याशिवाय नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या पेनकिलर शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. मेडिकलवाल्याला आधी सांगा, "हृदयाचा पेशंट आहे."

वही कुणी वाचायची?

हे सगळं लिहून कपाटात ठेवलं तर फुकट. अमेरिकेत १,६५३ पेशंटांवर एक प्रयोग झाला. त्यांनी रोज फोनवरच्या यंत्रणेला वजन आणि लक्षणं कळवायची होती. २०१० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीही फरक दिसला नाही. २०१८ मध्ये जर्मनीतला अभ्यास आला. तिथं वजन, बीपी, ईसीजी रोज एका केंद्रात जात होते आणि तिथले डॉक्टर-नर्स दिवस-रात्र ते पाहून लगेच औषध बदलत होते. त्या पेशंटांचे दवाखान्यातले दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. नोंद दोन्हीकडे होती. जर्मनीत ती पाहून लगेच पाऊल उचललं जात होतं.

आपल्याकडे असं केंद्र दाराशी नाही, म्हणून ते काम घरातच वाटून घ्यावं लागतं. आमच्याकडे वही हे स्वतः लिहितात आणि मी रोज वाचते. दर रविवारी पानाचा फोटो मुलीला जातो. तपासणीला जाताना वही सोबत असते. घरी सोडताना डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहूनच घ्या. वजन किती वाढलं की फोन करायचा? कोणत्या नंबरवर? लघवीची जादा गोळी घरी घ्यायची परवानगी आहे का, असल्यास किती?

काही वेळा मात्र वही उघडायची नाही, थेट १०८ लावायचा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं किंवा दाब काही मिनिटांत न थांबणं, गुलाबी फेसाळ कफ, शुद्ध हरपणं, अचानक बरळणं, ओठ निळसर होणं. धाप असेल तर पेशंटला आडवं करू नका, बसतं ठेवा. बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल तरच सपाट झोपवून छातीवर दाब द्यायला लागा.

तुमच्या घरात हृदयाचा पेशंट असेल तर उद्या सकाळपासून सुरुवात करा. वजनकाटा मोबाइलच्या कव्हर-चार्जरच्या खर्चात येतो, वही त्याहून स्वस्त. आणि सकाळी बीपी विचारण्याआधी एवढंच विचारा, "रात्री किती उशा घेतल्या?"