अन्नांतील संप्रेरकबाधक द्रव्यें आणि स्थूलता

कपाशीच्या मुलखांतील वाचकांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक आहे. शेजारच्या ज्वारींत टू-फोर-डी हें तणनाशक मारलें आणि वारा कपाशीकडे वाहिला, किंवा तोच पंप नीट न धुतां पुढें कपाशीवर चालविला, कीं कपाशीचीं पानें आखडतात व बोटांसारखीं लांबट दिसूं लागतात. औषध पडतें तें अगदीं अल्प. पण झाडाचें रूपच पालटतें. ह्याचें कारण असें कीं, हें द्रव्य वनस्पतीच्या वाढीचें नियमन करणाऱ्या रसाची नक्कल करतें. झाड त्या सोंगास फसतें व वाढ भलत्या वाटेनें जाते.

मनुष्याच्या व जनावरांच्या शरीरांतही असे रस आहेत. ग्रंथींतून निघून ते रक्तांत मिसळतात आणि भूक, वाढ, प्रजनन व चरबीचा सांठा ह्यांचें नियमन करतात. ह्यांस संप्रेरक अथवा हार्मोन म्हणतात. त्यांचें कार्य अत्यल्प प्रमाणांत चालतें. म्हणून त्यांची नक्कल करणारें द्रव्य अन्नावाटे पोटांत गेल्यास, तें किती गेलें एवढेंच पाहून भागत नाहीं. केव्हां गेलें हेंही पाहावें लागतें.

ह्याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील पशुपालनाच्या इतिहासांत सांपडतें. इ. स. १९३८ मध्यें इंग्लंडांत चार्ल्स डॉड्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, संक्षेपानें डीईएस, हें कृत्रिम स्त्री-संप्रेरक तयार केलें. पुढें अमेरिकेंत कोंबड्यांच्या मानेच्या कातडीखालीं त्याची गोळी ठेवूं लागले. तिच्या योगें अंगीं चरबी चढे. १९५४ पासून मांसाच्या गुरांस तें चाऱ्यांतून देण्याची परवानगी मिळाली. मात्रा दर जनावरास रोज सुमारें १० मिलिग्रॅम. गुरें कमी चाऱ्यांत अधिक वजन धरूं लागलीं, आणि मालकास नफा दिसला. परंतु कोंबडीच्या मांसांत अवशेष आढळल्यामुळें १९५९ मध्यें तो उपयोग थांबविण्यांत आला. हेंच औषध गर्भपात टळावा म्हणून स्त्रियांसही देत असत. त्या गरोदरपणांत जन्मलेल्या कांहीं मुलींस ऐन तारुण्यांत एक दुर्मिळ कर्करोग होतो, असें १९७१ मध्यें बोस्टन येथील डॉक्टरांनीं दाखविलें. गुरांसाठीं त्याचा वापर मात्र १९७९ मध्यें कायमचा बंद झाला.

आतां स्थूलतेकडे वळूं. अमेरिकेंतील राष्ट्रीय पर्यावरण-आरोग्यशास्त्र संस्थेंत रेथा न्यूबोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदराच्या नवजात माद्यांस पहिले पांच दिवस डीईएस दिलें. मात्रा वजनाच्या किलोमागें रोज १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. प्रथम कांहींच दिसलें नाहीं. मोठेपणीं मात्र त्या माद्या इतरांहून स्थूल झाल्या. औषध केव्हांच थांबलें होतें. शरीरास लागलेलें वळण राहिलें. २००६ मध्यें कॅलिफोर्नियांत ब्रूस ब्लंबर्ग ह्यांच्या प्रयोगशाळेनें पूर्वी जहाजांच्या रंगांत वापरल्या जाणाऱ्या ट्रायब्युटिलटिन ह्या द्रव्याविषयीं असेंच दाखविलें. गर्भिणी उंदरांस तें दिलें असतां पिलांच्या अंगीं चरबी अधिक सांठली. गर्भांतील ज्या पेशींपासून हाड किंवा चरबी दोन्ही होऊं शकतात, त्यांस हें द्रव्य चरबीकडे वळवितें.

मनुष्यांविषयीं पुरावा मिळविणें कठीण, कारण त्यांवर असे प्रयोग करतां येत नाहींत. तथापि कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें १९५९ ते १९६७ ह्या काळांत घेतलेलें गरोदर स्त्रियांचें रक्त जपून ठेवलें होतें. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या आज्या स्वतः स्थूल नव्हत्या, त्यांच्यापैकीं ज्यांच्या रक्तांत डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार अधिक होता, त्यांच्या तरुण नातींत स्थूलता अधिक होती. एवढ्यावरून डीडीटी हेंच कारण असें सिद्ध होत नाहीं. अति आहार व श्रमांचा अभाव हीं स्थूलतेचीं कारणें आहेतच. पण ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाहीं. आपल्या देशांत शेतीसाठीं डीडीटी वापरण्यास १९८९ पासून बंदी आहे. तें चरबींत सांठतें व दुधाच्या स्निग्धांशांतून बाहेर पडतें, हें गाईम्हशी पाळणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

ह्यावरून शेतकरी बंधूंनीं पुढील नियम पाळावे :

(१) औषधाच्या वेष्टनावर फवारणी व तोडणी ह्यांमधील जे दिवस सांगितले असतील, ते भाव चढला म्हणून कमी करूं नयेत.

(२) गरोदर स्त्रिया व लहान मुलें ह्यांस फवारणीच्या, औषध कालविण्याच्या किंवा फवारणीचे कपडे धुण्याच्या कामीं लावूं नये.

(३) औषधाच्या रिकाम्या डब्यांत पाणी, तेल किंवा धान्य कदापि ठेवूं नये.

(४) फवारलेल्या शेतांतील गवत दुभत्या जनावरांस घालूं नये. आणि पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून त्यांस संप्रेरकाची सुई टोचूं नये.

रोपवाटिकेंत बिघडलेलें रोप पुढें कितीही खत घातलें तरी सुधारत नाहीं, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. जी काळजी तो रोपाची घेतो, तीच आईच्या उदरांतील व मांडीवरील बालकाची घेणें त्याच्या हातीं आहे. कारण गांवाचें अन्न प्रथम त्याच्याच हातून जातें, आणि त्याच्या स्वतःच्या घरींही तेंच शिजतें.