तीन फायली आणि अर्धी कबुली

२००६ च्या लगीनसराईत मी माझं चालतं मशीन स्वतःच्या हाताने बंद पाडलं. कराडात माझं डीटीपीचं दुकान होतं. एकच कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी, श्री-लिपी, पेजमेकर आणि सतरा लग्नपत्रिका प्रूफला आलेल्या. त्या दिवसाने जे शिकवलं ते लिहून ठेवतोय.

१. जागा करायची असेल तर आधी मोठं काय आहे ते बघावं.

चाळीस जीबीच्या हार्ड डिस्कमधले दहा जीबी सी ड्राइव्हला होते आणि तो भरत आला होता. त्या काळात गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येत, म्हणून लपवलेल्या फायली दिसतील अशी सेटिंग मी कायमची करून ठेवली होती. ती करताना विंडोजने ‘या सिस्टिमच्या फायली आहेत, बघा बुवा’ असा इशारा दिला होता. मी ‘यस’ दाबून मोकळा झालो होतो. तर सी ड्राइव्ह उघडल्या उघडल्या काही अनोळखी मंडळी दारातच बसलेली दिसली. एक ‘एनटीएलडीआर’, नाव आहे पण आडनाव नाही. एक ‘बूट डॉट आयएनआय’, इनमिन पाच ओळींची. आणि एक ‘एनटीडिटेक्ट डॉट कॉम’. हे शेवटचं नाव मला एखाद्या वेबसाइटचं वाटलं, आणि वेबसाइट माझ्या सी ड्राइव्हमध्ये कशाला? शिफ्ट धरून डिलीट दाबलं, म्हणजे रीसायकल बिनचाही आधार ठेवला नाही.

तिघांचं मिळून वजन तीनशे केबीसुद्धा नव्हतं. नवरा-नवरीच्या एका स्कॅन केलेल्या फोटोची फाइल सहा एमबीची असायची, आणि असे शेकडो जुने फोटो मीच साठवून ठेवले होते. घरातली अडगळ तशीच ठेवून मी उंबरा उपटून टाकला होता.

२. विंडोजने अडवलं नाही म्हणजे परवानगी दिली, असं नव्हे.

त्याच झटक्यात मी ‘पेजफाइल डॉट एसवायएस’ही उडवायला गेलो होतो. ती हलेना, ‘वापरात आहे’ म्हणाली. त्यावरून मी सिद्धांत मांडला: जे लागतं ते विंडोज सोडत नाही, जे सोडतं ते लागत नाही. ऐकायला अगदी बिनतोड. पण विंडोज अडवतं ते त्या क्षणी उघडी असलेली फाइल. एनटीएलडीआरचं काम मशीन सुरू होताना काही सेकंदांचं. ती विंडोजला उठवते आणि बाजूला होते. दुपारी चार वाजता तिला कोणी धरून ठेवलेलं नसतं. पहाटे पाणी सोडून गेलेल्या माणसाची दुपारी कोणाला आठवण येते?

३. एकदा पचलं म्हणून पुन्हा पचेल असं नाही.

२००२ मध्ये सगळ्यांना एक ईमेल फिरत आली होती: अस्वलाचं चित्र असलेली फाइल दिसली तर ती व्हायरस आहे, ताबडतोब काढा. मी काढली, वर दहा जणांना ती ईमेल पाठवली. ती विंडोजचीच फाइल होती आणि ईमेल ही निव्वळ थाप. पण त्या फायलीवाचून माझ्यासारख्याचं काही अडत नव्हतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. माझा हात तिथे सैल झाला.

४. चूक आणि बोंब यांच्यात एक रात्र जाते.

तीन फायली उडवल्यावरही मशीन संध्याकाळभर मजेत चाललं. दोन पत्रिका पूर्ण केल्या, रात्री शटडाउन केलं. सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’, खाली ‘कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून पुन्हा सुरू करा’ अशी सूचना. ती मी वीसेक वेळा इमानाने पाळली. रात्री भारनियमनात लाइट गेले होते, तेव्हा दोष मी त्यांच्यावर टाकला. चार वाजताचं डिलीट मला आठवलंच नाही, असं मी आजही सांगतो. ते पूर्ण खरं नाही.

५. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणणाऱ्याला आधी चहा पाजावा.

बाजारपेठेतला दुरुस्तीवाला आला, पडदा बघितला आणि दोन मिनिटांत निदान केलं: विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू. डेटा? तो जाईल. सतरा पत्रिका आणि तीन वर्षांचं काम सी ड्राइव्हवरच होतं, कारण सगळं डेस्कटॉपवर ठेवायची माझी सवय. त्याला दोष देत नाही, त्याला रोज तेच करावं लागे आणि त्यात हमखास यश होतं. पण बूट होत नाही म्हणजे डिस्कवरचं पुसलं गेलं, असा अर्थ होत नाही. काहीच जमलं नाही तरी ती हार्ड डिस्क काढून, जंपर बदलून, दुसऱ्या मशीनला स्लेव्ह म्हणून जोडता आली असती आणि पत्रिका उतरवून घेता आल्या असत्या. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त ‘दुपारी सांगतो’ म्हणालो, ते नशीब.

६. काय केलं ते पूर्ण सांगावं.

भाची पुण्यात इंजिनिअरिंगला होती. तिला फोन लावला.

“मामा, काल काय केलंत?”

“काही नाही गं. आपोआप झालं.”

या वाक्यापायी अर्धा तास गेला. केबिनेट उघडून केबल हलवून झाली, ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहिली नाही ना ते बघून झालं. मग ती शांतपणे म्हणाली, “मामा, ही फाइल आपोआप जात नाही.” मी एक फाइल डिलीट केल्याचं कबूल केलं. एकच.

उपाय सोपा होता. मशीन सुरू होताना बायोसमध्ये शिरायला जे बटण दाबायचं ते डिलीटच निघालं. तिथे सीडी पहिल्या नंबरवर आणली, एक्सपीची सीडी घातली, निळा पडदा आल्यावर आर दाबून रिकव्हरी कन्सोल उघडला. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता, नुसतं एंटर. सीडीच्या ‘आय३८६’ फोल्डरमधून फाइल सी ड्राइव्हवर कॉपी करायची. सीडीचं अक्षर आम्ही डी धरलं, ते चुकलं. ‘मॅप’ टाइप केल्यावर खरं अक्षर कळलं. ‘वन फाइल कॉपीड’ ही ओळ आली तेव्हा मी फोनवरच ओरडलो.

पुन्हा सुरू केलं. पडद्यावर ओळ आली: ‘इनव्हॅलिड बूट डॉट आयएनआय फाइल’. आणि तिच्याखाली ‘एनटीडिटेक्ट फेल्ड’.

“मामा, वाचून दाखवा.”

वाचलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. “अजून किती?” तिने विचारलं.

मशीनने माझी चोरी ओळीओळीने पकडली होती. एनटीडिटेक्टही सीडीवरून आणली. बूट डॉट आयएनआय सीडीवर नसते, ती त्या त्या मशीनची असते. ती ‘बूटसीएफजी’ला स्लॅश रीबिल्ड देऊन नव्याने बनवून घेतली. सव्वादोनला डेस्कटॉप दिसला, सतराच्या सतरा पत्रिका जागेवर.

७. पडद्यावरची ओळ अर्थ लावून नाही, अक्षरशः वाचावी.

‘कायतरी मिसिंग म्हणतंय’ असं सांगणारी गिऱ्हाइकं मला पुढे पुष्कळ भेटली. अर्थात ओळही नेहमी खऱ्या गुन्हेगाराचं नाव घेते असं नाही. एक्सपीत ‘हॅल डॉट डीएलएल’ हरवली अशी तक्रार यायची, तेव्हा पुष्कळदा ती फाइल जागेवरच असे आणि घोळ बूट डॉट आयएनआयमधल्या चुकीच्या पत्त्याचा निघे.

८. डिलीटही कधी औषध असतं.

१९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. तिथला हाताने करायचा उपाय म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करणं. मी ती बातमी भाचीला पाठवली. तिने फक्त हसरा चेहरा पाठवला.

९. मी सुधारलो का? थोडा.

त्या दिवाळीत ती कराडला आली तेव्हा तिने एक फ्लॉपी एक्सपीमध्ये फॉरमॅट करून त्या तिन्ही फायली तिच्यात टाकल्या. सी ड्राइव्हवरच्या गेल्या, तरी ती घालून मशीन सुरू होतं. दोनदा उपयोगी पडली, दोन्ही वेळा दुसऱ्यांसाठी. आता फ्लॉपीचा ड्राइव्ह कुठे नाही, दुकानही नाही. फ्लॉपी मात्र टेबलाच्या खणात आहे. लेबलवर तिच्या अक्षरात स्केचपेनने लिहिलंय: ‘मामांच्या नको असलेल्या फायली’.