दुकान त्यांचं, यादी आपली

निपाणीच्या माणसाला मोबाइल कंपन्यांच्या हद्दी इतरांच्या आधी कळल्या. गाव कर्नाटकात, गावाला लागूनच असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरं घरातून निघून वर्गात पोचेपर्यंत फोनचं सर्कल बदललेलं असायचं आणि कट्ट्यावर बसून घरचा फोन घेतला तरी रोमिंग लागायचं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आली खरी, पण सर्कलच्या आतल्या आत. कर्नाटकाचा नंबर घेऊन महाराष्ट्रात जायची मुभा मिळाली जुलै २०१५ मध्ये. तोवर इकडे दोन सिम बाळगायची सवय पडून गेली होती. कोल्हापूर-पुण्याला नोकरी लागली की तिकडचं सिम घ्यायचं आणि इकडचं रिचार्ज न करता मरू द्यायचं.

असंच एक मेलेलं सिम आमच्या गळ्यात पडलं.

माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं ही जुनी कामं, आणि अलीकडे त्याच गिऱ्हाइकांची सोशल मीडियावरची पेजंही सांभाळायला आली. त्यातलं एक हौशी नाट्यमंडळाचं. पेज उघडलं होतं मंडळातल्या एका उत्साही पोराच्या नंबरावर. पोरगा पिंपरीला गेला, नंबर बंद पडला. पुढे कधीतरी त्या साइटला शंका आली आणि ओळख पटवायला तिनं त्याच नंबरावर ओटीपी पाठवला. बंद नंबर किमान ९० दिवस तसाच ठेवून मग कंपन्या तो दुसऱ्याला देतात. आम्ही फोन लावला तर पलीकडून गदगकडचे एक गृहस्थ बोलले. माझ्या मोडक्या कन्नडमधलं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही असं बँकेनं बजावलंय. काय बोलणार? त्यांचं बरोबरच होतं.

पेज मात्र जागच्या जागी होतं. जुन्या प्रयोगाची जाहिरात, तिच्याखाली लोकांचे प्रश्न: तिकीट कुठं मिळेल, बेळगावला करणार का. उत्तर द्यायला आतून कुणी नाही. तक्रार करायची तर फॉर्म भरायचा, त्याचं उत्तर म्हणून दुसरा फॉर्म यायचा. काही हजार प्रेक्षक आम्हाला दिसत होते. त्यांची नावंही दिसत होती. पण त्यांच्यापर्यंत पोचायची एकही वाट आमच्या हातात नव्हती. नवं पेज काढलं, त्यावर जुन्यातले फार थोडे आले.

पुढच्या प्रयोगाला माणसं आली ती वहीमुळे. पूर्वी निमंत्रणं छापून पोस्टात टाकायचं कामही आम्हीच करत असू, त्यामुळे वडिलांनी पत्त्यांची एक लांब वही ठेवली होती. संकेश्वर, चिकोडी, गडहिंग्लज, बेळगावातलं शहापूर, वडगाव, अशी गावांप्रमाणे पानं. एकेका नावापुढे आधी गल्ली, मग वेगळ्या शाईत घरचा फोन, त्यावर काट मारून मोबाइल. काही नावांवर नुसतीच आडवी रेघ. म्हणजे माणूस गेला. त्या वहीवरून आम्ही एकेकाला फोन लावत बसलो.

या सोशल मीडिया कंपन्या एकमेकींशी कशा वागत आल्या हे मी त्यानंतर जरा नीट वाचलं. मोठ्या कंपन्यांना आपला राग किंवा लोभ काही नसतो, हे वाचून थोडं हायसंही वाटलं. त्यांचं भांडण आपसात असतं, आपण मधे सापडतो. ऑर्कुट २००४ साली आलं तेव्हा आत जायला आमंत्रण लागायचं. फेसबुक पुढे सरकतंय हे दिसू लागल्यावर नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलनं मायस्पेस, लिंक्डइन वगैरेंना सोबत घेऊन 'ओपनसोशल' जाहीर केलं: एकदा बनवलेलं अ‍ॅप सगळ्या साइटवर चालावं. फेसबुक त्यात आलं नाही. ज्याच्याकडे गर्दी जमायला लागलीय तो कशाला येईल? तीनच वर्षांनी त्याच गूगलनं ठरवलं, की आम्हाला परत काही न देणाऱ्यांना जीमेलमधले कॉन्टॅक्ट आपोआप उचलू देणार नाही. रोख फेसबुकवर होता. त्यासाठी गूगलनं इशाऱ्याचं जे पान केलं, त्याचं शीर्षकच 'आता माझे कॉन्टॅक्ट अडकवा' अशा अर्थाचं होतं. टोमणा झकास होता, पण तो मारणाराही पिछाडीवर पडलेला होता, हे विसरू नये.

पुढचं सगळं त्याच चालीवर. २०१२ च्या एप्रिलमध्ये फेसबुकनं इन्स्टाग्राम घ्यायचं जाहीर केलं. जुलैत ट्विटरनं आपल्याकडची ओळखीची माणसं इन्स्टाग्रामवर शोधायची सोय काढून घेतली. डिसेंबरात इन्स्टाग्रामचे फोटो ट्विटरमध्ये दिसेनासे झाले. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरचं 'व्हाइन' निघालं आणि फेसबुकनं त्याला आपल्या मित्रयादीचं दार लावून घेतलं. २०१५ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपवर टेलिग्रामच्या लिंका नुसती अक्षरं होऊन पडायच्या, दाबून काही उघडायचं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं दुसऱ्या साइटवरच्या आपल्या खात्याचा पत्ता द्यायलाच बंदी घातली. बोंब झाली तेव्हा लगेच मागे घेतली. मागे असलेला दारं उघडायच्या गोष्टी करतो आणि पुढे गेला की कडी घालतो. कंपनी कुठलीही घ्या.

म्हणून नवं अ‍ॅप फार मोकळेपणानं बोलवायला लागलं तर जरूर जावं. तेव्हाच आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवली जाते, फुकटात बरंच पदरात पडतं. मात्र तिथं भेटलेला माणूस तिथंच ठेवून येऊ नये.

अ‍ॅपच बंद पडायचीही उदाहरणं आहेत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. गूगलनं आपले फोटो आणि मजकूर काढून न्यायला पुढची दोन वर्षं दिली, हे त्यातल्या त्यात सज्जनपण. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. व्हिडिओ फोनमध्ये राहिले, बघणारे गेले. आणि तेच व्हिडिओ टिकटॉकच्या शिक्क्यासकट इन्स्टाग्रामवर चढवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगण्यात आलं, की दुसऱ्याचा शिक्का दिसला तर आम्ही ते कमी पुढे करू. कन्नड, मराठी अशा आपल्या भाषा घेऊन आलेलं 'कू' तर जुलै २०२४ मध्ये आवरलं.

आता कामाचं. खातं कुणाच्या नंबरावर, कुठल्या ईमेलवर आहे हे मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. किमान दोन अ‍ॅडमिन हवेत, आणि ते एकाच घरातले नकोत. (सीमाभागातल्या मंडळांत फूट कशी पडते हे मी सांगायला नको.) नोकरीसाठी बाहेर चाललेल्या पोराला निरोपाचा नारळ देण्याआधी त्याच्याकडून अ‍ॅडमिनपद काढून घ्या आणि खात्यातला त्याचा नंबरही बदला.

'डाउनलोड'चं बटण बहुतेक साइटवर असतं. ते वर्षातून एकदा दाबावं, पण त्यातून काय निघतं ते उघडून बघावं. आपले फोटो, आपला मजकूर येतो. माणसं येत नाहीत. इन्स्टाग्राम फॉलोअर्सची युजरनेम देतं, पण ती इन्स्टाग्रामच्या बाहेर काय कामाची? व्हॉट्सअ‍ॅपमध्येही फरक समजून घ्या. ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर दिसतात. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलवर माणसं कितीही जमोत, त्यांचे नंबर चालवणाऱ्याला दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नावं बसतात, आणि समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो. शहापुरातले एक साडीवाले गिऱ्हाईक म्हणाले, "चॅनेलवर इतकी माणसं आहेत, आता वही कशाला?" मी म्हटलं, "अण्णा, त्यातल्या दहा जणींचे नंबर सांगा." त्यांनी विषय बदलला.

नंबर दिसत नाहीत ही चॅनेलची खोडच आहे असंही नाही. बचत गटातल्या बायकांचे नंबर दोनशे अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये उघडे पडावेत, हे कुणाला आवडेल? फेसबुकनं एकेकाळी अ‍ॅपवाल्यांना माणसाच्या मित्रांचीही माहिती नेऊ दिली, त्यातून केंब्रिज अ‍ॅनालिटिका या प्रचार-सल्लागार कंपनीचं प्रकरण निघालं. २०१८ मध्ये फेसबुकनंच सांगितलं, की भारतातल्या ५.६२ लाख लोकांची माहिती त्यात गेली असावी. तेव्हापासून कुणाला अडवायचं असलं की कंपन्या खासगीपणाचं कारण पुढे करतात. कधी ते खरं असतं, कधी सोयीचं असतं. आपण आपल्यापुरतं एवढं पाळावं, की नंबर विचारून घ्यायचा, कशासाठी ते सांगायचं आणि मंडळाची यादी दुसऱ्याला, विशेषतः निवडणुकीत, द्यायची नाही.

ही अडवाअडवी तंत्रामुळे नाही. चहाच्या टपरीवरचा एकच क्यूआर फोनपे, गूगल पे, कशावरूनही चालतो, कारण २०१६ मध्ये यूपीआय आलं तेच सगळ्या बँकांना एकमेकींशी जोडण्यासाठी. युरोपात कायद्यानं व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपचे निरोप आत घ्यायला भाग पाडलं. आपल्याकडे २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. तेव्हा हे काम तूर्त आपल्यालाच करायचं आहे.

त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती पुस्तकं दरवर्षी आमच्याकडून जातात. प्रत्येक पावतीच्या स्थळप्रतीवर नाव, गल्ली आणि बहुतेकदा मोबाइल लिहिलेला असतो, आणि हिशेब झाला की ही पुस्तकं रद्दीत जातात. यंदापासून मी पावतीत एक लहान चौकोन टाकून देतोय: 'पुढच्या कार्यक्रमाचा निरोप पाठवावा का? हो / नको', मराठीत आणि कन्नडमध्ये. दर तोच. पुस्तकं विसर्जनानंतर टाकू नका, एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवून 'हो' म्हणणाऱ्यांची नावं एक्सेलमध्ये चढवून घ्या, आणि त्याची एक छापील प्रत खजिनदाराच्या कपाटात ठेवा.