छोट्या ट्रॅक्टरची निगा मालकाच्या हाती

लखनौ म्हटले की नवाबी अदब आणि चिकनकाम आठवते. याच शहराच्या वायव्येस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले मलीहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. लखनौजवळच रहमानखेडा येथे १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थान म्हणून ओळखले जाते.

आमराईत खाली झुकलेल्या फांद्यांमधून वाट काढताना मोठा ट्रॅक्टर अडचणीचा ठरतो. तेथे कमी उंचीचा, १५ ते ३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर सोयीचा असतो. नाशिकच्या द्राक्षबागांतही ओळींमधील अरुंद जागेमुळे असेच ट्रॅक्टर वापरले जातात. त्यांची खरी कसोटी लागते ती मोहोराच्या दिवसांत. तुडतुडे व भुरी यांवरील फवारणी वेळेवर व्हावी लागते. नेमक्या त्याच आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला, तर गळालेला मोहोर कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. असे अनेक बिघाड रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या देखभालीने टळतात.

दररोज

ट्रॅक्टरचे काम तासांत मोजतात, म्हणून देखभालही तासमापकाच्या आकड्यावर ठरवावी. दर ८ ते १० तासांनी, म्हणजे साधारणपणे रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना ऑईलची पातळी पाहावी. ती डिपस्टिकवरील दोन खुणांच्या दरम्यान असावी. रेडिएटरमधील पाणी तपासावे. इंजिन गरम असताना त्याचे झाकण कदापि उघडू नये. जाळीत अडकलेला पालापाचोळा काढावा. डिझेल शक्यतो संध्याकाळी भरावे; रिकाम्या टाकीत रात्री बाष्प साचून पाणी होते आणि ते इंधनात मिसळते.

एअर क्लीनर

उन्हाळ्यात वाहणारी लू बागेतील धूळ उडवते. ही धूळ इंजिनात शिरली की ऑईलशी मिसळून पॉलिश पेपरसारखी पिस्टन रिंग आणि लायनर झिजवते. तेलाचा एअर क्लीनर असल्यास त्यातील ऑईल गढूळ होताच बदलावे व खुणेपर्यंतच भरावे. कोरड्या प्रकारातील फिल्टर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हलक्या हाताने साफ करावा. तो फाटला असल्यास बदलावा.

दर ५० तासांनी

निपल पुसून ग्रीस भरावे, अन्यथा माती आत ढकलली जाते. फॅनबेल्टचा ताण, टायरमधील हवा आणि चाकांचे नट तपासावेत. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि टर्मिनल स्वच्छ करून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी. दोन्ही ब्रेक सारखे लागतात याची खात्री करावी; रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल जोडलेली असावीत. इंजिन ऑईल व फिल्टर माहितीपुस्तिकेतील तासांनुसार बदलावेत. काढलेले ऑईल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये.

मर्यादा ओळखाव्यात

कोणतेही काम करताना इंजिन बंद, किल्ली काढलेली, अवजार जमिनीवर टेकवलेले आणि हँडब्रेक लावलेला असावा. फ्युएल पंप, इंजेक्टर, हायड्रॉलिक व गिअरबॉक्स यांची दुरुस्ती जाणकार कारागिरावरच सोपवावी. वॉरंटीच्या मुदतीतील ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून घेणे हिताचे असते.

वहीतील नोंद

तारीख, तास, केलेले काम आणि खर्च यांची एका वहीत नोंद ठेवावी. पुढील काम केव्हा करावयाचे हे त्यावरून कळते आणि ट्रॅक्टर विकताना योग्य किंमत मिळण्यास तिची मदत होते. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर बँकेकडे नजरगहाण असतो. पण त्याच्या चालण्यावर पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी शेतकऱ्याचीच असते. हंगामात ट्रॅक्टर न थांबता चालला, तर पीक घरात येते आणि हप्ताही वेळेवर भरला जातो.