ओव्हन नाही, वेळही नाही
प्रश्न : नोकरीवरून यायला सहा वाजतात. मुलांना केक हवा, सूप हवं. ओव्हन नाही.
– एक वाचक, दिंद्रुड (ता. माजलगाव)

उत्तर : कुकर आहे ना? शिट्टी, रिंग काढा. तळाशी जाड मीठ पसरून वर जाळी ठेवा, 10 मिनिटं तापवा. वाटीभर कणिक, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ (नुसत्या ज्वारीचा भुगा होतो, तिच्यात ग्लुटेन नसतं), पाऊण वाटी गूळ, वाटीभर दही, पाव वाटी तेल. घट्ट वाटलं तर थोडं दूध. अर्धा चमचा खायचा सोडा शेवटी घाला. दह्याशी गाठ पडताच पीठ फसफसतं, मग रेंगाळू नका, लगेच डब्यात ओतून जाळीवर ठेवा, झाकण लावा. मंद आचेवर 40 मिनिटं.

तोवर दुसऱ्या शेगडीवर शेवग्याच्या शेंगा नि मूठभर मूगडाळ शिजवून गाळणीवर रगडा. जिरं, मिरी, मीठ. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर कशाला? हुलग्याचं माडगं हेही सूपच की! 40 मिनिटं झाली की केकमध्ये सुरी खुपसा. कोरडी निघाली की उतरवा, पण गार होईपर्यंत कापू नका.