जन्मदाखला नाही, म्हणून शाळा नाही?

प्रश्न : बसस्थानकाजवळ फुटपाथवर राहणाऱ्या एका बाईंच्या मुलाला जन्मदाखल्याअभावी शाळा प्रवेश देत नाही. काय करावे?

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. फुटपाथवर राहणाऱ्यांचे उशाच्या पिशवीतले कागद पहिल्याच पावसात भिजतात. मग रेशनपासून दवाखान्यापर्यंत सगळेच अडते. उघड्यावर मुलांना राखत रात्रभर जागलेली आई कामावर पेंगते, मजुरी बुडते. म्हणून दाखल्याइतकाच निवाराही हवा. दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा, हा शहरांसाठीचा निकष. २०११ साली आपले कोल्हापूर साडेपाच लाख लोकसंख्येचे होते; त्या हिशेबाने इथे निवारे हवेत. महापालिकेत निवाऱ्याची चौकशी करा. आणि शाळेचे म्हणाल, तर शाहू महाराजांनी १९१७ मध्ये इथेच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उद्या त्या माउलीसोबत तुम्हीही शाळेत जा आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागा.