वाऱ्याला वाट

पुण्यातील जुन्या वाड्यात वैशाखातील भर दुपारी पाऊल टाकले, तरी अंगाला गारवा जाणवतो. वाड्याच्या भिंती जाड असतात, दारे-खिडक्या समोरासमोर असतात आणि मधोमध आकाशाकडे उघडा असलेला चौक असतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बांधलेल्या विश्रामबागवाड्यास तर असे तीन चौक आहेत. तापलेली हवा हलकी होते व वर चढते. तिच्या जागी सावलीतील थंड हवा येते. स्वयंपाकघराच्या छपराला धुराडे ठेवीत, तेही याच कारणासाठी. वाडे बांधणाऱ्या गवंड्यांनी व सुतारांनी पदार्थविज्ञानाचे ग्रंथ वाचले नव्हते. परंतु वाऱ्याला एका बाजूने आत यावयास आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जावयास वाट हवी, हे ते पक्के जाणून होते.

हेच ज्ञान आज एका अगदी लहान घराच्या कामी येते. ते घर टेबलाखाली सहज मावते. त्यात माणसे राहत नाहीत. पण तेथे विजेचे काम अहोरात्र चालू शकते, आणि वारा कोंडला तर तेथील जीवही घाबरा होतो! हे घर म्हणजे संगणकाची पेटी. बाजारात तिला कॅबिनेट म्हणतात.

कोथरूड हे एके काळी पुणे शहराबाहेरचे शेतामळ्यांचे गाव होते. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. तेथील किंवा इतर कोठल्याही शहरातील हौशी मुले सुटे भाग विकत आणून घरीच संगणक जोडतात. मदरबोर्ड पेटीत बसवावयाचा, त्यावर प्रोसेसर ठेवावयाचा, तारा जोडावयाच्या आणि कळ दाबावयाची. पडदा उजळला, की जोडणाऱ्याच्या आनंदाला पारावार राहत नाही. परंतु उन्हाळा आला, की कधी कधी हेच यंत्र कुरकुरू लागते. पंखे घरघरतात, काम मंदावते आणि एखाद्या दुपारी ते एकाएकी बंद पडते. असे का होते?

संगणकात वाहणाऱ्या विजेचे रूपांतर अखेर उष्णतेत होते. ही अडचण संगणकाच्या जन्मापासूनची आहे. १९४६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. ते चालविण्यास सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. त्या नळ्यांची धग बाहेर घालविण्यासाठी मोठमोठे पंखे लावावे लागत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली काम करू लागला. त्यातही सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या व नखाएवढ्या चकत्या आल्या. यंत्र लहान झाले, पण उष्णता नाहीशी झाली नाही; ती थोड्या जागेत दाटली. घरातील संगणक २०० वॅट वीज घेत असेल, तर शंभर शंभर वॅटचे दोन दिवे त्या पेटीत जळत आहेत, असे समजावे.

या उष्णतेचा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे. प्रोसेसरच्या चकतीत ती उत्पन्न होते. चकतीवरील धातूच्या झाकणातून ती वर बसविलेल्या हीटसिंकमध्ये जाते. झाकण व हीटसिंक डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. पण त्यांच्यावर अतिसूक्ष्म खळगे असतात व त्यांत हवा अडकते. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. म्हणून त्या दोहोंमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. तो खळगे भरून काढतो. हीटसिंकला ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या अनेक पातळ पट्ट्या असतात. कढत दूध परातीत ओतले, की ते लवकर निवते. कारण त्याचा अधिक पृष्ठभाग हवेला लागतो. पट्ट्यांचे कामही तेच. पट्ट्यांतून उष्णता हवेत जाते आणि पंख्याने ढकललेली ती हवा पेटीबाहेर पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. पंखा हवा थंड करीत नाही. तो केवळ हमाल आहे. तो उष्णतेचे ओझे उचलून बाहेर नेतो. म्हणून पंख्याच्या साहाय्याने संगणक खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. खोलीत ३८ अंश उष्मा असेल, तर प्रोसेसरचे तापमान ३८ अंशांच्या खाली येणे शक्य नाही. या हमालाला काम तरी किती पडते? २०० वॅट उष्णता बाहेर न्यावयाची आणि हवेचे तापमान १० अंशांपेक्षा अधिक वाढू द्यावयाचे नाही, असे ठरविले, तर दर सेकंदास सुमारे अठरा लिटर हवा पेटीतून जावी लागते. म्हणजे प्रत्येक सेकंदाला एक मोठी बादलीभर हवा! एवढी हवा आत येण्यास मार्ग नसेल, तर पंखा कितीही जोराने फिरला, तरी तो काय करणार?

आता कोथरूडमधील एका घराची कल्पना करा. थोरल्या भावाने परीक्षेनंतरच्या सुटीत संगणक जोडला आहे. त्यावर आई भाषांतराचे काम करते. मे महिन्याच्या दुपारी यंत्र दोनदा एकाएकी बंद पडले आणि आईची लिहिलेली पाने गेली. काम चार दिवसांत पुरे करून द्यावयाचे होते. भाऊ म्हणाला, "आई, आणखी तीन पंखे आणतो, म्हणजे झाले." धाकटी बहीण म्हणाली, "दादा, आहेत ते पंखे काय करतात, ते तर आधी पाहू."

प्रोसेसरमध्येच तापमान मोजण्याची सोय असते व ते आकडे पडद्यावर पाहता येतात. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथे पोहोचताच प्रोसेसर आपला वेग कमी करतो; तरीही उष्णता वाढली, तर जळून जाऊ नये म्हणून यंत्र बंद पडते. दोघांनी एक बेताचे काम ठरविले व ते अर्धा तास चालवून आकडा पाहिला. दुपारी तीन वाजता प्रोसेसर ९१ अंशांवर होता. सायंकाळी भावाने पेटीतील विस्कटलेल्या तारा बांधून कडेला सारल्या व पुन्हा तेच काम चालविले. आकडा ८३ वर आला. "आठ अंश उतरले!" भाऊ आनंदाने ओरडला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो, तो आकडा पुन्हा ९१! त्याचा चेहरा उतरला.

बहिणीने मात्र वहीत आणखी एक आकडा लिहून ठेवला होता. तो होता खोलीच्या तापमानाचा. पहिल्या दुपारी खोली ३६ अंशांवर होती, सायंकाळी २९ वर व दुसऱ्या दुपारी ३७ वर. तिने वजाबाक्या केल्या. प्रोसेसर व खोली यांतील फरक आधी ५५ होता व नंतर दोन्ही वेळा ५४. "दादा, सात अंश उतरविले ते सायंकाळच्या वाऱ्याने. तारांनी उतरविला तो एकच," ती म्हणाली. भावाने वही हातात घेतली, आकडे पुन्हा तपासले आणि मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी दोन नियम केले. मोजावयाचा तो फरक. आणि एका वेळी बदलावयाची ती एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या गोष्टीचा गुण आला, ते कळत नाही.

पहिल्यांदा त्यांनी पेटीची जागा पाहिली. ती टेबलाखालच्या कोनाड्यात, भिंतीला जवळजवळ टेकून उभी होती. पाठीमागून निघालेली ऊन हवा भिंतीवर आपटून पुन्हा पुढे येई व पेटी तीच हवा आत ओढून घेई. पेटी वीतभर पुढे ओढताच फरक ४८ झाला.

दुसरी पाळी धुळीची आली. यंत्र बंद करून, विजेची तार काढून व आईला जवळ बसवून त्यांनी झाकण उघडले. पुढच्या जाळीवर धुळीचे जणू घोंगडेच बसले होते, आणि हीटसिंकच्या पट्ट्यांतही धूळ गच्च भरली होती. मऊ कुंचल्याने त्यांनी ती झाडली. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली. कारण ती भरभर फिरू दिल्यास पंख्याला इजा होण्याचा संभव असतो. पॉवर सप्लायच्या डब्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. त्यात तार काढल्यावरही काही काळ विजेचा साठा राहतो; तो डबा घरी कधीही उघडू नये. या झाडलोटीनंतर फरक ३९ वर आला.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी होती व तिनेच खरे गुपित उघड केले. बहिणीने पातळ कागदाची एक पट्टी पेटीच्या पुढच्या जाळीजवळ धरली. हवा आत जात असती, तर पट्टी जाळीला चिकटली असती. पण ती बाहेरच्या बाजूस फडफडू लागली! पुढचा पंखा उलटा बसविला होता. पुढचा आणि मागचा असे दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकीत होते. आत आणणारा कोणीच नव्हता. हवा मिळेल त्या फटीतून आत शिरे व आपल्याबरोबर धूळ घेऊन येई. पंख्याच्या ज्या बाजूस चौकटीचे आडवे दांडे असतात, त्या बाजूने बहुधा हवा बाहेर पडते, ही खूण ध्यानात ठेवून त्यांनी तो सुलटा केला. खालून व पुढून थंड हवा आत, मागून व वरून ऊन हवा बाहेर, असा सरळ मार्ग झाला. फरक ३३ वर उतरला. खोली ३८ अंशांवर असतानाही प्रोसेसर ७१ च्या वर गेला नाही. आईचे काम वेळेवर पुरे झाले. नवा पंखा एकही आणावा लागला नाही.

पेटीचे झाकण काढूनच ठेवले तर? तेही एकदा करून पाहण्यास हरकत नाही. झाकण काढताच तापमान पुष्कळ उतरले, तर पेटीत वारा कोंडतो आहे, हे सिद्ध होते. पण तो कायमचा उपाय नव्हे. उघड्या पेटीत धूळ जाते, पाल शिरते, लहान मुलाचे बोटही जाते. शिवाय वाऱ्याचा ठरलेला मार्ग मोडतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी व ती जाळीतून गाळून घ्यावी. म्हणजे फटींतून हवा बाहेरच पडते आणि धुळीला आत येण्यास वाव राहत नाही.

यंत्र फारच मोठे असले, तर वाऱ्याचा हमाल अपुरा पडतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. परम या मालिकेतील एक महासंगणक कोथरूडहून फार दूर नाही. वेताळ टेकडी ओलांडली, की पलीकडे पाषाण येथे आयसर ही विज्ञानसंस्था आहे. तेथे २०१९ साली परम ब्रह्म हा महासंगणक उभारण्यात आला. त्याच्या तापलेल्या भागांची उष्णता पाण्याच्या साहाय्याने वाहून नेण्याची योजना आहे. तापमानात तेवढीच वाढ होत असताना एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलते. हमाल बदलला, पण नियम बदलला नाही. थंड पाण्यास आत येण्याची वाट व तापलेल्या पाण्यास बाहेर जाण्याची वाट तेथेही ठेवावीच लागते.

वाड्याचा चौक असो, टेबलाखालची पेटी असो, की महासंगणक असो. जेथे काम चालते, तेथे उष्णता ही निर्माण व्हावयाचीच. तिला अडवून चालत नाही. तिला वाट करून द्यावी लागते. आणि ती वाट कोठे अडली आहे, हे तर्काने नव्हे, तर डोळ्यांनी पाहून व मोजून शोधावे लागते. नवे साधन विकत आणण्यापूर्वी जवळच्या साधनाची अशी पारख करणे, हा विज्ञानाचा पहिला धडा होय.

स्वाध्याय

१. पंख्याला या पाठात 'हमाल' का म्हटले आहे?

२. सायंकाळी आकडा आठ अंशांनी उतरला, तरी बहिणीने तो तारा बांधल्याचा गुण मानला नाही. का, ते आकडे देऊन सांगा.

३. खोली ३१ अंशांवर व प्रोसेसर ७० अंशांवर आहे. दुसऱ्या दिवशी खोली ३९ व प्रोसेसर ७४ अंशांवर आहे. यंत्राची स्थिती सुधारली की बिघडली?

४. आपल्या घरातील अथवा वर्गातील वारा कोठून येतो व कोठून जातो, हे कागदाच्या पट्टीने पाहा आणि आकृती काढून दाखवा.